माणसांत असूनही एकटं: बॉर्डरलाइन स्वभाववैशिष्ट्यं आणि एकाकीपणा

एकाकी माणसाला आपण सगळ्यात आधी एकच सल्ला देतो: लोकांत मिसळ. बऱ्याच जणांना तो लागूही पडतो. पण काही माणसं लोकांत मिसळतात, जीव लावतात, एखाद्या नात्यात स्वतःला झोकून देतात आणि तरीही एकटी पडली की त्यांना वाटतं, आपलं म्हणावं असं कुणीच नाही. ज्यांच्यात बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाची वैशिष्ट्यं ठळक असतात, त्यांच्या वाट्याला बहुधा हा एकाकीपणा येतो. तो ओळखीपाळखी वाढवून जात नाही. तो येतो कुठून आणि टिकतो कशामुळे, हे नीट कळलं तर त्या माणसाला स्वतःवरचा राग कमी करता येतो आणि जवळच्यांना त्याच्यावरचा.

आधी बॉर्डरलाइन म्हणजे काय ते पाहू. अमेरिकी मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 साली काही रुग्णांसाठी हे विशेषण वापरलं. हे रुग्ण तेव्हाच्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हते. साध्या चिंताविकारापेक्षा त्यांचा त्रास खोल होता, पण त्यांचं वास्तवाचं भानही सुटलेलं नव्हतं. पुढे 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, हे स्वतंत्र निदान म्हणून आलं. आज त्या पुस्तिकेत नऊ निकष आहेत: सोडून दिलं जाण्याची भीती आणि ते टाळण्यासाठीची जिवाच्या आकांताची धडपड, टोकाची चढ-उतार होणारी नाती, आपण कोण आहोत याबद्दलची अस्थिरता, स्वतःला धोक्यात घालणारा उतावीळपणा, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे विचार-प्रयत्न, काही तासांत पालटणाऱ्या भावना, कायमचा रितेपणा, न आवरणारा राग आणि ताणाच्या वेळी येणारा संशय किंवा बधिरपणा. यांतले किमान पाच निकष दीर्घकाळ दिसले तर निदान होतं. म्हणजे निकषांची तब्बल 256 वेगवेगळी मिश्रणं शक्य आहेत, आणि एकच निदान झालेल्या दोन माणसांत फक्त एकच लक्षण समान असू शकतं. 'बॉर्डरलाइन लोक असे असतात' हे वाक्य म्हणूनच फारसं कामाचं नाही.

शिवाय ही वैशिष्ट्यं कमी-अधिक प्रमाणात अनेकांत असतात. पूर्ण निदान साधारण शंभरात एक-दोन जणांना लागू होतं; पण सोडून जाण्याची तीव्र भीती, क्षणात उसळणाऱ्या भावना किंवा आतली पोकळी त्याहून कितीतरी जास्त लोकांना ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकार 'आहे की नाही' एवढंच न पाहता तो किती तीव्र आहे हे पाहिलं जातं, आणि त्या जोडीला बॉर्डरलाइन पद्धतीची नोंद करता येते. म्हणून हे वाचताना काही गोष्टी स्वतःशी जुळल्या तर लगेच स्वतःवर शिक्का मारू नका. निदान हे तज्ज्ञाने बोलून, इतिहास समजून घेऊन करायचं काम आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आजच्या नऊ निकषांत एकाकीपणा नाही. 1980 च्या मूळ यादीत मात्र 'एकटं राहणं सहन न होणं' हा एक निकष होता. 1987 च्या सुधारणेत तो गेला आणि त्याच्या जागी सोडून दिलं जाणं टाळण्याची धडपड आली. जॉन गंडरसन या विषयातले फार मोठे अभ्यासक. त्यांनी 1996 मध्ये पुन्हा याच मुद्द्याकडे लक्ष वेधलं: या रुग्णांना एकटेपण सहन होत नाही, आणि त्याचं मूळ त्यांच्या असुरक्षित जिव्हाळ्यात आहे. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो, कारण धडपड बाहेरून दिसते आणि एकटेपण दिसत नाही. उपचार करणारे आणि घरचे दोघेही धडपडीकडे पाहत राहतात. शंभर फोन, भांडण, रडणं, धमकी हे सगळ्यांना दिसतं, पण ज्याच्यापासून ती व्यक्ती पळते आहे त्याबद्दल कुणी विचारत नाही.

माणसं कमी म्हणून एकाकीपणा?

संशोधक एकाकीपणा मोजतात तेव्हा माणसं मोजत नाहीत. लेटिशिया पेप्लाऊ आणि डॅनियल पर्लमन यांनी 1981 मध्ये मांडलेली व्याख्या आजही वापरात आहे: आपल्याला हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांतली तफावत ज्या वेदनेने जाणवते, तो एकाकीपणा. त्यामुळे कुणी दोन मित्रांत समाधानी असतो, तर कुणी भरल्या घरात एकाकी. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्येच दोन प्रकार सांगितले होते. आपला असा गट, गोतावळा नसणं हा एक, आणि एखादं खोल, भरवशाचं नातं नसणं हा दुसरा. पहिल्याची भरपाई दुसऱ्याने होत नाही, आणि दुसऱ्याची पहिल्याने तर मुळीच नाही.

जॉन कॅसिओपो या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकाकीपणाची तुलना भुकेशी केली. शरीराला अन्न हवं हे भूक सांगते, तसं 'तू कळपापासून तुटला आहेस, परत जा' हे एकाकीपणा सांगतो. हे समजायला सोपं आहे. पण त्यांच्या कामातला दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. एकटं पडलेला जीव धोक्यात असतो, म्हणून एकाकीपणा माणसाला सावधही करतो. मन इतरांच्या चेहऱ्यावर, बोलण्यात, गप्प बसण्यात नकाराच्या खुणा शोधू लागतं. एकाच वेळी लोक हवेसेही वाटतात आणि धोकादायकही. हे कुणाच्याही बाबतीत घडतं, कुठलंही निदान नसलेल्या माणसाच्याही. ज्याचं मन आधीपासूनच नकाराच्या बाबतीत हळवं आहे, त्याच्यात हाच सावधपणा कितीतरी पटींनी वाढतो.

2017 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बीपीडी असलेल्या व्यक्तींचा एकाकीपणा आणि त्यांचं सामाजिक जाळं यांचा एकत्र अभ्यास केला. त्यांचा गोतावळा लहान होता, लोकांत वावरणंही कमी होतं आणि एकाकीपणा जास्त होता. इथपर्यंत अपेक्षितच. पण गोतावळ्याचा आकार आणि सामाजिक वावर यांतला फरक आकडेमोडीत बाजूला काढल्यावरही एकाकीपणातला फरक उरला. म्हणजे माणसं कमी आहेत हे कारण आहेच, पण ते एकटं पुरत नाही.

समोर नसलेलं माणूस

मग उरलेलं काय आहे? माझ्या मते सगळ्यात खोल कारण हे, की समोर नसलेलं माणूस मनात टिकवून धरणं या व्यक्तींना फार अवघड जातं.

आपलं प्रेमाचं माणूस कामावर गेलं, गावाला गेलं, झोपलं, तरी बहुतेकांच्या मनात ते 'असतं'. त्याचा आवाज आठवतो, ते आपल्याला काय म्हणालं असतं याचा अंदाज असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला आपण हवे आहोत ही खात्री असते. ही क्षमता कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1958 मध्ये एक विलक्षण विचार मांडला: एकटं राहण्याची क्षमता मूल शिकतं ते आईच्या सोबतीत. कुणीतरी जवळ आहे, ते आपल्यात लुडबुड करत नाही पण हाक मारली तर येईल, अशा वातावरणात मूल आपल्याच नादात खेळतं. हळूहळू ती सोबत आत उतरते. पुढे खोलीत कुणी नसलं तरी आत कुणीतरी असतं.

जेराल्ड अ‍ॅडलर आणि डॅन बुई या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1979 मध्ये बॉर्डरलाइन रुग्णांच्या बाबतीत नेमकं हेच दाखवलं. आधार देणाऱ्या माणसाची प्रतिमा ताणाच्या क्षणी या रुग्णांच्या मनात उभीच राहत नाही. नाव आठवतं, चेहरा आठवतो, कालचं बोलणंही आठवतं. पण त्या आठवणीतली ऊब परत येत नाही. काल 'मी आहे' म्हणालेलं माणूस आज समोर नसेल, तर कालचं वाक्य खरं होतं यावर मन विश्वास ठेवू शकत नाही.

हे एकदा कळलं की बाहेरून चमत्कारिक वाटणाऱ्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागतो. समजा, अशा एखादीचा प्रियकर बैठकीत आहे, फोन उचलत नाही. इतरांसाठी ती तासाभराची गैरसोय असते. हिच्यासाठी तो तास म्हणजे नातं अस्तित्वात आहे की नाही याचा पुरावाच नसलेला काळ असतो. मग ती पुन्हा फोन करते, पुन्हा करते, जाब विचारणारे मेसेज लिहिते. ती प्रियकरावर सत्ता गाजवू पाहत नसते. हरवलेली खात्री तिला परत हवी असते. 'लक्ष वेधून घ्यायला करते' हे वाक्य अशा वेळी फार सहज तोंडातून जातं. ते चुकीचं आहे आणि क्रूरही आहे.

चेंडू आणि पैसे

दुसरी अडचण माणसं समोर असताना येते. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी नाकारलं जाण्याचा अभ्यास करायला एक साधा संगणकीय खेळ तयार केला. पडद्यावर तुम्ही आणि आणखी दोन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकता. ते दोघे खरे आहेत असं तुम्हाला सांगितलेलं असतं. खरं तर ते संगणकच चालवतो. काही वेळाने ते दोघे तुम्हाला चेंडू द्यायचंच बंद करतात. इतका क्षुल्लक खेळ, तरी बहुतेक सगळ्यांना लागतं. बीपीडी असलेल्या व्यक्तींबरोबर हे प्रयोग झाले तेव्हा लक्षवेधी गोष्ट वगळलं जाण्याच्या फेरीत नव्हती, समान वाटणीच्या फेरीत होती. प्रत्येकाला सारखाच चेंडू मिळत असतानाही त्यांना आपण बाजूला पडलो आहोत असं इतरांपेक्षा जास्त वाटलं. त्यांच्या वाट्याला न्याय्य वाटणीपेक्षा जास्त चेंडू आले तेव्हा कुठे नाकारलं गेल्याची भावना ओसरली, असंही काही अभ्यासांत दिसलं.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ असा, की साधी, पुरेशी, माफक माया त्यांच्यापर्यंत मायेसारखी पोहोचतच नाही. चार मित्र गप्पा मारताहेत, पाळीपाळीने बोलताहेत, तेवढ्यात हिला वाटतं मला कुणी विचारत नाही. मित्रांच्या दृष्टीने ती त्यांच्यातलीच एक असते. दोन्ही बाजू खरं बोलत असतात, म्हणूनच हे भांडण पुराव्याने मिटत नाही.

तिसरी अडचण दुरुस्तीची. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 55 बीपीडी असलेल्या व्यक्ती विश्वासाचा खेळ खेळल्या. एक खेळाडू दुसऱ्याकडे पैसे गुंतवतो, ते तिप्पट होतात, आणि त्यातले किती परत करायचे ते दुसऱ्याने ठरवायचं. दहा फेऱ्या. मध्येच गुंतवणूक करणाऱ्याचा विश्वास डळमळतो, तो कमी पैसे देतो. अशा वेळी सर्वसाधारण खेळाडू एक शहाणपणाची गोष्ट करतात: मुद्दाम जास्त परत करतात, जणू 'रुसू नकोस, मी दगा देणार नाही' असं सांगतात, आणि सहकार्य पुन्हा सुरू होतं. बीपीडी असलेल्या खेळाडूंकडून हे मन वळवणं कमी झालं आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत सहकार्य कोसळलं. मेंदूच्या चित्रांतही फरक दिसला. समोरून तुटपुंजी रक्कम आली की इतरांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग 'इथे काहीतरी बिनसलंय' अशी नोंद घेत होता. बीपीडी असलेल्यांत ती नोंद तशी दिसली नाही. संशोधकांनी लावलेला एक अर्थ मन हेलावणारा आहे: ज्याला समोरच्याकडून मुळातच चांगल्याची अपेक्षा नाही, त्याला कमी मिळालं तर त्यात नवल काय वाटणार?

या तीन अडचणी एकत्र आल्या की चक्र फिरू लागतं. नवं माणूस भेटतं आणि इतक्या वर्षांची तहान त्याच्याकडे धावते. ते सर्वोत्तम वाटतं. ते थोडं दूर गेलं, थकलं, विसरलं, की दगा वाटतो. राग उसळतो, शब्द जातात. समोरचं माणूस खरोखरच मागे सरकतं. सोडून जाण्याची जी भीती होती ती खरी ठरते, आणि पुढच्या नात्यात मन आणखी सावध होऊन शिरतं. काही जण मग उलट टोक गाठतात: कुणी सोडण्याआधी आपणच सोडायचं, कुणाला जवळ येऊच द्यायचं नाही. एकाकीपणा वैशिष्ट्यांना खतपाणी घालतो आणि वैशिष्ट्यं एकाकीपणाला. आधी काय आलं हे शोधण्यापेक्षा हे चक्र कुठे थांबवता येईल ते पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

रितेपणाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तो आणि एकाकीपणा एकच समजले जातात. एकाकीपणात कुणीतरी हवं असतं. रितेपणात काय हवं तेच कळत नाही. आपण कोण, आपल्याला काय आवडतं, आपलं मत काय, याची आतली नोंदच पुसट असेल तर एकटं बसलेलं असताना स्वतःचीही सोबत होत नाही. काही जणांना आपण कुणाच्या तरी सोबत असतानाच 'कुणीतरी' आहोत असं वाटतं. अशा वेळी माणूस दुरावतं तेव्हा नात्याबरोबर स्वतःचाही एक भाग निघून गेल्यासारखं वाटतं. म्हणून त्या दुःखाची तीव्रता नात्याच्या वयावर मोजू नये.

हे सगळं का घडतं? अनुवंशाचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून तो साधारण 40 ते 50 टक्के निघतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची मांडणी सर्वाधिक वापरली जाते. जन्मतः भावना लवकर पेटणारं, उशिरा निवणारं मूल आणि त्याच्या भावना सतत खोट्या किंवा अवाजवी ठरवणारं वातावरण, यांच्या देवाणघेवाणीतून हा स्वभाव घडतो. बालपणातला छळ किंवा हेळसांड अनेकांच्या इतिहासात असते, सगळ्यांच्या नसते. 'एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस' हे वर्षानुवर्षं ऐकलेल्या मुलाला आपल्या भावनेवर विश्वास ठेवता येत नाही. आणि ज्याची भावना कधी कुणी समजूनच घेतली नाही, ते मूल माणसांच्या घोळक्यातही एकटंच वाढतं. लिनेहान यांनी 2011 मध्ये स्वतःच्या तरुणपणातल्या आजाराबद्दल, रुग्णालयातल्या दिवसांबद्दल जाहीरपणे सांगितलं.

वादळ शमतं, एकटेपण रेंगाळतं

पूर्वी हा विकार बरा होत नाही असं मानलं जाई. मेरी झानारिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या 290 रुग्णांचा 1992 पासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला, आणि चित्र बदललं. दहा वर्षांत 93 टक्के रुग्णांना किमान दोन वर्षं टिकलेला उतार पडला. म्हणजे ते निदानाच्या निकषांत बसेनासे झाले. हा आकडा निदान झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगायला हवा.

त्याच अभ्यासाचा दुसरा आकडा मात्र कमी सांगितला जातो. लक्षणं ओसरणं आणि त्या जोडीला काम व जवळची नाती नीट असणं, असं दोन्ही जमलेले जवळपास निम्मेच होते. स्वतःला इजा करणं, आत्महत्येचे प्रयत्न अशी तीव्र लक्षणं तुलनेने लवकर कमी होतात. राग, सोडून जाण्याची भीती, रितेपणा आणि एकटेपण सहन न होणं ही सावकाश हटतात. म्हणजे सगळ्यांना वाटतं ही आता बरी आहे, दवाखान्याच्या फेऱ्या थांबलेल्या असतात, आणि नेमकी तेव्हा ती सगळ्यात एकटी असू शकते. पूर्वी संकटामुळे तरी माणसं धावून येत होती.

उपचारांत मुख्य भर बोलून होणाऱ्या थेरपीवर आहे. खास बीपीडीसाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्यासाठी औषधं दिली जातात. लिनेहान यांची डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सोसण्याची, आवरण्याची आणि नात्यात बोलण्याची कौशल्यं शिकवते. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची एमबीटी, म्हणजे मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट, 'समोरच्याच्या मनात काय चाललं असेल' याचे अनेक अर्थ मनात धरायला शिकवते. ती गप्प आहे, याचा अर्थ ती चिडली, हा एक अंदाज झाला. ती थकली असेल, तिच्या मनात दुसरंच काही असेल. जी खात्री वाटत होती ती नुसता अंदाज वाटू लागणं, हाच मोठा बदल असतो. सर्वसाधारण एकाकीपणावरच्या उपायांचा 2011 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही हेच पुढे आलं: माणसांच्या भेटी वाढवण्यापेक्षा माणसांबद्दलचे चुकीचे अर्थ तपासायला शिकवणारे उपाय जास्त परिणामकारक ठरले.

रोजच्या जगण्यात सुरुवात लहान करावी लागते. समोर नसलेलं माणूस मनात टिकत नसेल तर बाहेरच्या खुणा कामी येतात: त्याचा जपून ठेवलेला आवाज, चांगल्या दिवशी स्वतःलाच लिहिलेली चिठ्ठी, त्याने दिलेली एखादी वस्तू. याला बालिश म्हणण्याचं काही कारण नाही. एकाच माणसावर सगळा भार टाकण्याऐवजी ठरावीक वेळी, ठरावीक कामासाठी भेटणारा एखादा गट, जिथे जिवाभावाची अपेक्षाच नसते, तो सोपा पडतो. आणि भांडणानंतर परत जाण्याचा सराव हवा. 'काल मी घाबरले होते म्हणून तसं बोलले' हे एक वाक्य म्हणता येणं ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि शिकलं की जमतं.

जवळच्यांनी आधी भावना मान्य करावी, मग वस्तुस्थिती सांगावी. 'मी कुठे सोडून चाललोय, उगाच काहीतरी' यापेक्षा 'माझा फोन लागला नाही तेव्हा तुला फार भीती वाटली असेल; मी आठला बाहेर पडेन आणि फोन करेन' हे जास्त पोहोचतं. मग आठला फोन करावा. थोडकी पण नेमाने मिळणारी सोबत ही उदंड पण अनिश्चित सोबतीपेक्षा जास्त आधार देते, म्हणून आपल्याला जेवढं झेपतं तेवढंच कबूल करावं. मर्यादा सांगणं म्हणजे नाकारणं नव्हे, पण ती मर्यादा शांत वेळी सांगितलेली असावी, भांडणाच्या भरात नव्हे. स्वतःला इजा करण्याचं किंवा मरण्याचं बोलणं निघालं तर ते नाटक आहे की खरं, हे ठरवत बसू नका. सरळ विचारा, सोबत थांबा आणि तातडीची वैद्यकीय मदत किंवा हेल्पलाइन गाठा.

आणि थेरपीला जात असाल, तर राग, झोप, भांडणं यांच्या जोडीने एकटं असताना नेमकं काय होतं तेही सांगा: किती वेळाने अस्वस्थ वाटू लागतं, त्या वेळी कुणाचा चेहरा आठवतो, तो आठवून बरं वाटतं की नाही. तज्ज्ञ बहुधा आपणहून हे विचारत नाहीत.